शिक्षा भोगून आलेल्याला कामावर ठेवावं का?

कृष्णाकाठ: कुपवाड एमआयडीसीत बऱ्याच ठिकाणी कामाला लागताना पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला मागतात. शिक्षा पुरी भोगून आलेल्याचं गाडं तिथंच अडतं. आपल्याच सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची कैद्यांची खुली वसाहत आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन यांच्या पुढाकाराने ती १९३९ साली सुरू झाली. तिथं कैदी बायकापोरांसह राहून शेती करतात. शिक्षा चालू असलेल्याला आपण जमीन कसायला देतो आणि शिक्षा संपलेल्याला साधं हेल्परचं काम देत नाही. मला हे अजिबात पटत नाही.

हळदपेठ: वसाहतीत वर्तणूक बघून, निवडून पाठवतात. माझ्या दारात येणाऱ्याची निवड कोणी केली? पॅकिंगला बायका आहेत, काही झालं तर त्यांच्या घरच्यांना काय सांगू? आणि ज्या घरातला कर्ता माणूस मारला गेला, त्या घराचं काय? १९९८ साली सुप्रीम कोर्टाने कैद्यांना रास्त मजुरी द्या म्हटलं, तेव्हा त्यातला काही भाग पीडितांसाठी काढायचंही सांगितलं होतं. ते आधी बोला.

कृष्णाकाठ: बाईवर हात टाकलेल्याला तिथं घेऊ नका, यात वाद नाही. पण बांधावरून भावकीत झालेल्या मारामारीत आत गेलेल्यालाही तोच नियम? आणि पीडितांचा वाटा मजुरीतून निघायचा, तर आधी मजुरी मिळू दे की.

मिरजकर ताई: कच्च्या, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेल्या कैद्यांबद्दल कोणीच बोलत नाही! २०२२ अखेर देशातल्या दर चार कैद्यांत तीन कच्चे होते. निर्दोष सुटला तरी गावात तो ‘जेलातनं आलेला’च. शिवाय १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचं, म्हणजे दोषीला तुरुंगाऐवजी समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडायच्या कायद्याचं, कलम १२ बघा. त्या कायद्याखाली सोडलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. दाखला मागणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे?

हळदपेठ: ताई, निर्दोष सुटलेल्याला मी आजही घेईन. पक्क्याच्या बाबतीत मात्र सरपंचाने लेखी जबाबदारी घ्यावी, मग रोजंदारीवर ठेवून बघेन. नुसत्या कळवळ्यावर नाही.

बांधावरचा: सरपंचाची सही विसरा. भावकीच्या भांडणात तो कुठल्यातरी एका बाजूचा असतोच. आत जायच्या आधी तो ज्याच्याकडे कामाला होता, त्या मालकाला किंवा मुकादमाला विचारा. माणूस कामाला कसा होता, ते त्यांच्याइतकं कोणी सांगणार नाही.