मदत हवी आहे : ग्रंथालय संघाचा प्रमाणपत्र वर्ग नोकरी सांभाळून कुणी केलाय का?

नमस्कार मंडळी, आमचं तालुक्याचं ‘ब’ वर्ग वाचनालय आहे, 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता असलेलं, आणि आमच्या सहायक ग्रंथपाल ताईंना जिल्हा ग्रंथालय संघाच्या प्रमाणपत्र वर्गाला घालायचंय. ताई अनुदानातल्या तुटपुंज्या पगारात मन लावून काम करतात, दाखलनोंद रजिस्टर (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंदवही) मोत्यासारख्या अक्षरात लिहितात, कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात ते तोंडपाठ, पण दशमान वर्गीकरण (विषयानुसार पुस्तकांना क्रमांक देणं) नि तालिकीकरण (पुस्तकांची शोधसूची बनवणं) शिकायचं राहूनच गेलंय, आणि ते त्यांना यायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. अडचण अशी की संध्याकाळी देवघेवीला त्या एकट्याच असतात. तुमच्या जिल्ह्यात वर्ग कधी भरतात, रविवारी असतात का? हजेरी किती कडक? अर्जाला कार्यवाहांचं पत्र लागतं का? जुन्या नोट्स असतील तर प्लीज सांगा, झेरॉक्सचे पैसे लगेच देतो.