टॉवरच्या जिन्याची शर्यत : सोलापुरात सराव कसा करू?

जुळेसोलापूरकर : मुंबईत एका टॉवरच्या जिना-शर्यतीत नाव घातलंय. आपल्याकडं तेवढी उंच इमारत कुठली! आमच्याच अपार्टमेंटचे सात मजले चढ-उतार करतोय. वॉचमन रोज विचारतो, "लिफ्ट बंद हाय का साहेब?" अजून काय करू?

दमछाक : सात मजले भरपूर झाले की. चढा जिन्यानं, उतरा लिफ्टनं. गुडघे उतरतानाच जास्त बोंबलतात. कठडा नुसता धरू नका, ओढा. वळणावर आतल्या बाजूनं जावा, पावलं वाचतात. सुरुवातीचे मजले मुद्दाम हळू. तिथंच पळत सुटणारे पुढं कठड्याला लोंबकळलेले दिसतात. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या शर्यतीत ८६ मजले, १,५७६ पायऱ्या. पॉल क्रेकनं २००३ मध्ये ९ मिनिटं ३३ सेकंदांत संपवली. माणूस सायकलशर्यतीतलाही! आणि हो, बंद जिन्यातल्या कोरड्या हवेनं नंतर खोकला येतो, घाबरू नका.

अक्कलकोटरोड : तुळजापूरला जावा. देऊळ खोलात, दर्शन झालं की चढ आपोआप. गर्दीत पळू नका तेवढं.

जुळेसोलापूरकर : लिफ्टचं पटलं. पण सेक्रेटरी आत्ताच वीजबिलावरून कुरकुरतायत. त्यांनाच सरावाला घेतो.