बीसीजीनंतरची गाठ आणि जन्मजात प्रतिकारदोष

प्रश्न: माझ्या चार महिन्यांच्या भाच्याच्या डाव्या काखेत बीसीजी या क्षयरोगाच्या लसीनंतर आलेली गाठ चिघळत असून डॉक्टरांनी जन्मजात प्रतिकारदोषाची तपासणी सुचवली आहे. आमचा एक भाऊ तान्हेपणीच दगावला होता. लसीचा याच्याशी काय संबंध?

प्रतिसाद १: बीसीजीत दुबळे केलेले, पण जिवंत जंतू असतात, निरोगी बाळ त्यांना आवरते, मात्र 'स्किड' या गंभीर जन्मजात प्रतिकारदोषात जंतूंशी लढणाऱ्या टी-पेशींचाच अभाव असल्याने अशा बाळात ते अंगभर पसरू शकतात. अर्थात, अशी प्रत्येक गाठ म्हणजे स्किड नव्हे.

प्रतिसाद २: भावाचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण स्किडचे एक कारण असलेला, एक्स गुणसूत्रावरील आयएल२आरजी जनुकाचा दोष आईकडून मुलग्यात उतरतो. परळला केईएमच्या आवारातील 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी'त यावर संशोधन चालते. तपासणीचा निकाल येईपर्यंत पोलिओचे थेंबही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत, कारण तीही जिवंत लसच आहे.