बेसबॉल खेळाडूंच्या जन्मगावांचा नकाशा : कोणते देश, कोणती नावे घ्यावीत? (सल्ला हवा)

रामबागकर, इंदूर

नमस्कार. मी इंदूरच्या एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. आमच्या मुली बरीच वर्षे सॉफ्टबॉल खेळत आल्या आहेत आणि दोन वर्षांपासून मुलांचा बेसबॉल संघही उभा राहिला आहे. हा केवळ अमेरिकनांचा खेळ आहे अशी बहुतेक पालकांची समजूत असते आणि ती मुलांपर्यंतही पोचते. म्हणून क्रीडासाहित्याच्या खोलीबाहेर जगाचा मोठा नकाशा लावून, अमेरिकेच्या मेजर लीगमधले (तेथील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेतले) खेळाडू कोठकोठून आले हे टाचण्यांनी दाखवण्याचा विचार आहे. जागा बारा टाचण्यांपुरतीच आहे. कोणाला घ्यावे? पोर्तो रिको हे अमेरिकेच्या ताब्यातील कॅरिबियन बेट वेगळे दाखवावे की अमेरिकेतच धरावा? आणि आपल्या देशावर टाचणी लावता येईल का?

मांडवीकर, वडोदरा

सर, टाचणी देशावर लावू नका, गावावर लावा, असे मी आग्रहाने सुचवते. मेजर लीगमध्ये चौथ्या हिश्शाहून अधिक खेळाडू अमेरिकेच्या पन्नास राज्यांबाहेर जन्मलेले असतात आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा डॉमिनिकन रिपब्लिकचा असतो. २०२४च्या हंगामाच्या आरंभी या देशाचे शंभराहून अधिक खेळाडू संघांत होते. एवढ्याशा देशात हे कसे घडले, ते गावाकडे पाहिल्यावरच कळते.

त्यासाठी सान पेद्रो दे माकोरीस हे बंदराचे शहर घ्या. १८६८ ते १८७८ या काळात क्यूबात स्पेनविरुद्ध युद्ध चालू असताना तेथून परागंदा झालेल्या लोकांनी हा खेळ शेजारच्या डॉमिनिकन भूमीवर आणला. पुढे सान पेद्रोच्या साखर कारखान्यांत इंग्रजी अंमलाखालच्या बेटांवरून मजूर आले. ते क्रिकेट खेळत असत, आणि त्यांची मुले-नातवंडे बेसबॉलकडे वळली. रॉबिन्सन कानो आणि धाकटा फर्नांडो तातीस हे दोघे मेजर लीग खेळाडू याच शहरात जन्मले. इंदूरच्या मुलांना हा क्रिकेटचा धागा चटकन कळेल.

त्या मुलांकडे हातमोजा नसला तर ती दुधाच्या पुठ्ठ्याच्या खोक्याचा मोजा करीत. आजही तेथील गल्ल्यांत 'वितिया' नावाचा खेळ चालतो, ज्यात पाण्याच्या मोठ्या जारचे झाकण फेकतात आणि झाडूच्या दांड्याने टोलवतात. हे आपल्याकडे करून पाहण्यासारखे आहे.

मात्र दुसरी बाजूही मुलांना सांगावी. अमेरिका, कॅनडा आणि पोर्तो रिको येथील मुलांची निवड वार्षिक ड्राफ्टमधून (संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या पद्धतीतून) होते, तर डॉमिनिकन मुलाशी सोळाव्या वर्षी थेट करार होऊ शकतो. म्हणूनच लीगच्या तीसही संघांनी तेथे अकादमी काढल्या आहेत. त्यांत शिरणाऱ्या बहुतेक मुलांना मेजर लीगचे मैदान कधीच दिसत नाही. कोवळे वय हाच मोठा भाव ठरल्याने खोटी कागदपत्रेही निघाली. फाउस्टो कार्मोना या नावाने खेळलेला गोलंदाज प्रत्यक्षात रोबेर्तो एर्नान्देस असून तीन वर्षांनी मोठा असल्याचे २०१२मध्ये उघड झाले.

लष्करकर, ग्वाल्हेर

ताईंचे गावाविषयीचे म्हणणे मला पटते, पण नकाशाचा आरंभ १९४७पासून करावा असे माझे मत आहे. क्यूबाचा एस्तेबान बेयान १८७१मध्येच अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉल खेळला होता, कारण तो गोरा समजला जाई; काळ्या वर्णाच्या खेळाडूला, मग तो क्यूबाचा असो की अमेरिकेचा, जॅकी रॉबिन्सन १५ एप्रिल १९४७ रोजी मैदानात उतरेपर्यंत दार जवळजवळ बंदच होते. ऑझी व्हर्जिल हा मेजर लीगमधला पहिला डॉमिनिकन १९५६मध्ये खेळला, तो त्यानंतरच. त्याचा जन्म मोन्ते क्रिस्तीचा असला तरी तो वाढला न्यूयॉर्कमध्ये, म्हणून जन्मगाव आणि कर्मभूमी यांना दोन रंग द्यावेत.

पोर्तो रिको वेगळाच दाखवा. तेथील लोक अमेरिकेचे नागरिक असले तरी लीगसुद्धा आपल्या मोजणीत पन्नास राज्यांबाहेरचे म्हणूनच त्यांना धरते. तेथे रोबेर्तो क्लेमेंते हे एकच नाव पुरे. कारकिर्दीत बरोबर ३,००० हिट्स मिळवलेला हा माणूस ३१ डिसेंबर १९७२ रोजी निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत नेताना विमान अपघातात गेला.

जपानसाठी १९६४चा मासानोरी मुराकामी, १९९५चा हिदेओ नोमो आणि आजचा शोहेई ओतानी घ्यावेत. दीड लाख वस्तीच्या कुरासाओ या कॅरिबियन बेटाचा आंद्रू जोन्स आणि आफ्रिका खंडातून २०१७मध्ये प्रथमच मेजर लीग गाठणारा दक्षिण आफ्रिकेचा गिफ्ट न्गोएपे यांना वगळू नका.

भारताबाबत खरे तेच लिहावे. उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे भालाफेकपटू २००८मध्ये एका स्पर्धेतून निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन संघाशी करारबद्ध झाले, पण मेजर लीगपर्यंत पोचले नाहीत. त्यांच्यासाठी पोकळ टाचणी वापरा.

शिवाय आपल्या गावचे उदाहरण जोडता येईल. महूच्या छावणीत असलेले इंग्लंडचे क्रिकेटपटू डेनिस कॉम्प्टन १९४४-४५च्या रणजी अंतिम सामन्यात इंदूरच्या होळकर संघाकडून खेळले आणि त्यांनी नाबाद २४९ धावा केल्या. खेळाडू परमुलखातल्या संघाचा कसा होतो, हे मुलांना त्यावरून समजेल.

रामबागकर, इंदूर

दोघांचेही मनापासून आभार. दोन रंग आणि पोकळ टाचणी या दोन्ही सूचना स्वीकारल्या आहेत. मुराकामी मात्र जागेअभावी ओतानीच्याच चिठ्ठीवर लिहिला आहे. ताई, तुमचा वितियाही आम्ही काल मधल्या सुट्टीत करून पाहिला. जारचे निळे झाकण सरळ येता येता शेवटच्या दोन हातांवर असे काही वळते की चांगले फलंदाजही हवेत दांडा फिरवत राहिले. आठवीतल्या एका मुलीला अकराव्या झाकणावर पहिला टोला लागला, आणि सान पेद्रोची टाचणी तिच्याच हातून लावून घेतली.