आई सारखी दमायली, डॉक्टर दरवेळी सलाईन लावतात. नेमकं काय असंल?

औसा_कर
नमस्कार मंडळी, आम्ही लातूर जिल्ह्यातले, औसा तालुका. आईचं वय ४६. दिवाळीपासून बघायलोय, ती लई दमायली. आधी शेतातून येऊन लगेच चुलीपुढं भाकरी थापायला बसायची, आता माडीवर कपडे वाळू घालायला निघाली की मधल्या पायरीवरच बसते, छातीत धडधड व्हायली म्हणते. डोकं दुखतं, केस गळायलेत, चेहरा पिवळट दिसतो. गावातल्या दवाखान्यात नेलं की अशक्तपणा हाय म्हणून सलाईन लावतात, दोन दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. आत्या म्हणते बीपी असंल, शेजारचे म्हणतात थायरॉईड, दाजी म्हणायलेत शुगर बघा. अजून एक, लिहू का नको असं झालंय, पण बहिणीनं सांगितलं की तांदूळ निवडताना ती मूठ मूठ कच्चे तांदूळ खाते. हे कशाचं लक्षण हाय? कुणाला अनुभव असंल तर सांगा, लई काळजी वाटायली.

गोदाकाठ
दादा आमच्या मावशीचं सेम होतं, ती पाटीवरची पेन्सिल खायची. रक्त कमी निघालं. हिमोग्लोबिन बघा आधी.

लॅबवाला_परभणी
मी लॅबमध्ये काम करतो, डॉक्टर नाही, पण असे रिपोर्ट रोज हातातून जातात म्हणून सविस्तर लिहितो. कच्चे तांदूळ, माती, खडू, बर्फ असलं काही खावंसं वाटणं हे बऱ्याचदा अंगातलं लोह कमी झाल्याचं लक्षण असतं, त्यात लाजायचं काही नाही आणि आईला रागवू पण नका, डॉक्टरला मात्र नक्की सांगा कारण बायका स्वतःहून हे सांगत नाहीत. आईच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आतला भाग बघा, लालसर पाहिजे, पांढरट दिसला तर रक्त कमी असायची शक्यता लई. नखं बघा, सपाट किंवा मधी खोलगट झालीत का.

आता सलाईनचं सांगतो, कारण आपल्याकडं अशक्तपणा म्हटलं की सलाईन हे डोक्यात पक्कं बसलंय. ५०० मिलीच्या साध्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. गोड बाटली असंल तर २५ ग्रॅम साखर, म्हणजे पाच-सहा लहान चमचे. पिवळं दिसतं ते त्यात जीवनसत्त्वाचं इंजेक्शन टाकलेलं असतं म्हणून. त्यात लोह नसतं, मग रक्त कुठून वाढणार? जुलाब-उलटीनं अंगातलं पाणी गेलंय, ऊन लागलंय, तिथं सलाईन जीव वाचवतं, ते वेगळं. पण रक्त लई कमी असताना बाटल्यावर बाटल्या चढवल्या तर हृदयावर उलट ताण येतो. (लोहाचं पण सलाईन असतं, ते काळपट तपकिरी दिसतं, ते दवाखान्यात नजरेखाली देतात. दोन्हीत गल्लत करू नका.)

टेस्ट म्हणाल तर सीबीसी (रक्तातल्या पेशींची तपासणी), फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉईडची टेस्ट), उपाशीपोटी शुगर आणि जमलं तर बी-१२. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे कमी, ८ च्या खाली म्हणजे गंभीर. सीबीसीत एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा आकार, बघा, ८० च्या खाली असंल तर पेशी लहान झाल्यात, बहुतेक लोहाची कमतरता. १०० च्या वर गेला तर बी-१२ किंवा फोलिक अॅसिडकडं बघावं लागतं.

बाकीच्यांनी सुचवलेलं पण चुकीचं नाही, थकवा सगळ्यातच येतो. थायरॉईड कमी असंल तर थंडी सोसत नाही, पोट साफ होत नाही, कातडी कोरडी पडते, आवाज जड होतो, वजन वाढतं. शुगरमध्ये तहान लई, रात्री सारखं लघवीला उठावं लागतं, जखम लवकर भरत नाही. बी-१२ मध्ये तळपायाला मुंग्या, जीभ लाल गुळगुळीत, आणि शुगरची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असंल तर हे जास्त होतं. बीपी मात्र बहुतेकांना काहीच जाणवू देत नाही, ते मोजूनच कळतं, म्हणून मोजाच.

सिस्टर_अंबाजोगाई
वरचं सगळं बरोबर आहे पण एक प्रश्न राहिलाच. रक्त कमी झालं ते गेलं कुठं? दादा तुम्हाला विचारायला अवघड जाईल म्हणून बहिणीला सांगा आईला विचारायला, पाळी सात दिवसांच्या वर चालते का, गाठी पडतात का, तासा-दोन तासाला कापड नाहीतर पॅड बदलावं लागतं का. या वयात लई बायकांना असं होतं आणि "आता पाळी जायची वेळ झाली, होतं असं" म्हणून वर्षवर्ष अंगावर काढतात. मूळव्याध, संडासवाटे काळं जाणं, पोटातले जंत हे पण विचारा. गोळ्या चालू केल्या आणि खालून रक्त जातच राहिलं तर फुटक्या रांजणात पाणी ओतल्यासारखं होईल.

आणि हात जोडून सांगते, अंगावरून जास्त जातंय कळल्यावर कुणी लगेच "गर्भपिशवी काढून टाका" म्हटलं तर थांबा. सोनोग्राफी करा, दुसऱ्या डॉक्टरला विचारा. बीडच्या कितीतरी ऊसतोड बायकांच्या पिशव्या गरज नसताना काढल्याचं २०१९ ला गाजलं, ते आपल्याच भागातलं आहे, सरकारला नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली होती. रक्तस्राव कमी करायला गोळ्या असतात, आतून बसवायचं साधन असतं, बऱ्याच जणींना ऑपरेशन लागतच नाही. काहींना लागतं, पण ते सगळं बघून ठरवायचं.

मराठवाडी_मुलगी
बीट आणि डाळिंब खाऊ घाला रोज, रक्त वाढतं.

लॅबवाला_परभणी
ताई खाऊ द्या, पण त्यात लोह लई कमी असतं, नुसता रंग लाल आहे. त्यापेक्षा हाळीव, तीळ, हरभरा, मटकी, पालेभाजी, चालत असंल तर कलेजी. वर लिंबू पिळा, त्यानं लोह अंगी लागतं. आणि जेवणावर लगेच चहा नको. एवढ्या कमी रक्ताला नुसतं खाणं पुरत नाही मात्र, गोळ्या लागतातच.

औसा_कर
सगळ्यांचे मनापासून आभार. लातूरला नेऊन टेस्ट केल्या. हिमोग्लोबिन ७.२, एमसीव्ही ६६, फेरिटिन ६. थायरॉईड, शुगर नॉर्मल. सिस्टर तुम्ही म्हणालात तसंच निघालं, पाळी दहा-दहा दिवस चालायची, आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. सोनोग्राफीत पिशवीला लहान गाठ हाय, मॅडम म्हणल्या घाबरायचं कारण नाही, कॅन्सर वाटत नाही, आधी रक्त वाढवू आणि अंगावरून जाणं कमी करायच्या गोळ्या देते. लोहाचं सलाईन पण तिथंच ॲडमिट करून देणार हायेत. पुढं गोळ्या किती दिवस घ्यायच्या असतात? चहा तर आईला सुटणार नाही.

सिस्टर_अंबाजोगाई
बरं झालं नेलंत. चहा सोडायला लावू नका, गोळीच्या आणि जेवणाच्या आधी-नंतर तासभर लांब ठेवा, दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर लोहाची गोळी देऊ नका. संडास काळी होईल, त्याला भिऊन गोळी बंद करतात बायका, तसं करू नका. मळमळ झाली तर मॅडमना विचारून रात्री जेवणानंतर किंवा एक दिवसाआड घेता येते. तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅमनं वर यायला पाहिजे, नाही आलं तर परत दाखवा. आणि आकडा १२ झाला की थांबायचं नसतं, साठा भरायला पुढं अजून तीनेक महिने लागतात. मधल्या काळात बसल्या जागी दम लागला, छातीत दुखलं, चक्कर येऊन पडल्या किंवा रक्त थांबेनाच तर गावात सलाईन लावत बसू नका, सरळ १०८ ला फोन. बहिणीचं पण सीबीसी करून घ्या या निमित्तानं, आणि जुन्या रिपोर्टची झेरॉक्स फाईलला लावून ठेवा.