पतीच्या आठवणी लिहिणाऱ्या स्त्रीचे आत्मचरित्र कुणाचे?

शोधार्थी
एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी मी रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) आणि लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ ही पुस्तके निवडली आहेत. रमाबाईंच्या पुस्तकात त्यांचे पती न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचेच चरित्र अधिक आहे आणि स्वतःविषयी तक्रारीचा सूर जवळजवळ नाही. अशा लेखनाचा स्त्रीवादी समीक्षेच्या अंगाने विचार करता येईल, की ते तिच्या कक्षेबाहेरचे समजावे?

जुना वाचक
कक्षेबाहेरचे मुळीच नाही. पुरुषांच्या साहित्यातील स्त्रीप्रतिमा तपासणे ही एक वाट आणि स्त्री लिहू लागते तेव्हा ती काय व कोणत्या घाटात लिहिते हे पाहणे ही दुसरी, असा भेद अमेरिकन स्त्रीवादी समीक्षक इलेन शोवॉल्टर यांनी १९७९ मध्येच केला होता. तुमचे काम दुसऱ्या वाटेवरचे आहे, आणि तेथे लेखिकेने बंडखोर असलेच पाहिजे अशी अट नाही. रमाबाईंचे लग्न १८७३ मध्ये, बालवयात झाले. पती शिकवू पाहतो आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायका त्या शिकण्यापायीच तिला घालूनपाडून बोलतात, हा पेच त्यांनी सविस्तर मांडला आहे. न्यायमूर्तींच्या चरित्राला इतक्या तपशिलाची गरज नव्हती. मग तो का आला आणि पुस्तकात किती जागा घेतो, हे बारकाईने पाहावे.

कोल्हापूरकर
वरील मत मान्य आहे, पण रमाबाईंच्या प्रत्येक वाक्याखाली दडलेले बंड शोधू नये, असे मला वाटते. हल्लीच्या प्रबंधांत ती खोड फार दिसते. त्यांची निष्ठा खरी होती, आणि एका विधवेला स्वतःविषयी लिहिण्याची सभ्य मुभा त्या काळी बहुधा त्या निष्ठेमुळेच मिळाली. ‘स्मृतिचित्रे’चा बाज वेगळा. सोवळ्यापायी मीठसुद्धा धुऊन घेणारे वडील असोत किंवा १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले पती, कवी ना. वा. टिळक असोत, लक्ष्मीबाई हसत हसत सांगतात, आणि निवाडा त्या हसण्यातच असतो. पतीशी झालेल्या ताटातुटीच्या वर्षांनंतर लक्ष्मीबाईंनी धर्मांतर केले ते स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या गतीने. तो भाग मी दोनदा वाचायला सांगेन.

सविता_वाचन
एक मुद्दा राहिला. दोन्ही लेखिका ब्राह्मण घरांतल्या आहेत, म्हणून त्यांच्यावरून ‘मराठी स्त्री’विषयी सरसकट निष्कर्ष काढू नयेत. दलित लेखिका बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ या आत्मकथनामध्ये ‘मी’पेक्षा ‘आम्ही’ मोठा आहे. हे लेखन त्यांनी घरच्यांपासून वर्षानुवर्षे लपवून ठेवले होते, आणि नवऱ्याच्या मारहाणीविषयी त्या मोकळेपणाने बोलल्या त्या नंतरच्या मुलाखतीत. पतीविषयीचे मौन रमाबाईंकडेही आहे, पण दोन्ही मौनांची कारणे अगदी निराळी आहेत. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवर केलेले काम यासाठी वाचावे.

शिवाय तक्रारीचा सूर त्या काळी शक्यच नव्हता, असे प्रबंधिकेत लिहू नका. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ ही पुस्तिका १८८२ मध्येच छापली होती, आणि तिच्यातला संताप आजही झोंबतो. १९७५ मध्ये संशोधक स. गं. मालशे यांनी ती पुन्हा प्रकाशित करेपर्यंत ती बहुतेकांच्या विस्मरणात गेली होती, तर रमाबाईंचे पुस्तक मात्र वाचले जात राहिले. कोणता सूर टिकला आणि कोणता बाजूला पडला, याला प्रबंधिकेत एक स्वतंत्र प्रकरण द्यावे.