वैद्याला सर्व खरे सांगणे हे रुग्णाचे कर्तव्य मानले जात होते का?

कृष्णाकाठ, सांगली
गेल्या महिन्यात वडिलांना मिरजेला दाखवायला नेले होते. गुडघेदुखीसाठी ते वर्षभर कुणाकडून तरी आणलेल्या पुड्या घेत होते, हे त्यांनी डॉक्टरांना सांगितले नाही आणि मूत्रपिंडाच्या त्रासाचे कारण शोधण्यात दोन आठवडे गेले. डॉक्टर रागावले नाहीत; ‘आधी सांगायला हवे होते’ एवढेच म्हणाले. वैद्याने कसे वागावे याविषयी पुष्कळ वाचायला मिळते, पण जुन्या वैद्यकीय नीतिशास्त्रात रुग्णाचीही कर्तव्ये लिहिलेली आहेत का?

यवतेश्वर, सातारा
आहेत. चरकसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथाच्या सूत्रस्थान या भागातील नवव्या अध्यायात वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण असे चिकित्सेचे चार पाद (आधार) मानले आहेत. रुग्णाचे चार गुण म्हणजे स्मृती, सांगितलेले पाळणे, न घाबरणे आणि ज्ञापकत्व, म्हणजे आपल्याला काय होते ते सांगता येणे. तुमच्या वडिलांचा प्रश्न या चौथ्या गुणाचा आहे. मात्र हे गुण आहेत. कर्तव्याची भाषा चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायात, शेवटाकडे येते. मोबदला कबूल केलेला असो वा नसो, बरे होऊन जो वैद्याची परतफेड करत नाही त्याला निष्कृती, म्हणजे त्या दोषातून सुटका, नाही, असे तिथे म्हटले आहे आणि लगेच पुढच्या श्लोकात वैद्याने सर्व रुग्णांना पोटच्या मुलांप्रमाणे जपावे असे बजावले आहे. चिकित्सेचा बाजार मांडणारा सोन्याची रास सोडून धुळीच्या राशीमागे लागतो, हेही तिथलेच. दोन्ही बाजूंची कर्तव्ये इतकी जवळजवळ मांडलेली पाहून मला दरवेळी आदर वाटतो.

वाचक, कराड
पाश्चात्त्य परंपरेतील ठळक उदाहरण १८४७चे आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने फिलाडेल्फियात स्वीकारलेल्या आचारसंहितेत, जिच्यावर इंग्लिश वैद्य थॉमस पर्सिव्हल यांच्या १८०३च्या ग्रंथाचा मोठा प्रभाव होता, रुग्णांच्या कर्तव्यांचा स्वतंत्र भाग आहे. रुग्णाने आजाराचे कारण मोकळेपणाने सांगावे, पण अनावश्यक तपशिलांनी वैद्याला थकवू नये; सूचना तत्काळ पाळाव्यात; बरे झाल्यावर कृतज्ञ राहावे. मला यात एक गोष्ट खटकते. ही कर्तव्ये डॉक्टरांच्या संघटनेने ठरवली, आणि रीतसर शिक्षण घेतलेलाच वैद्य निवडावा हे पहिले कर्तव्य प्रतिस्पर्ध्यांना दूर ठेवण्याच्याही उपयोगाचे होते. याच संघटनेच्या १९५७च्या दहा तत्त्वांत रुग्णांची कर्तव्ये उरलेली नाहीत.

निवृत्त परिचारिका, मिरज
वरील आक्षेप मान्य आहे, तरी सांगण्याच्या कर्तव्याला गुप्ततेची जोड होती हे विसरू नये. चरकाच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्याला दिलेल्या उपदेशात रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर सांगू नयेत असे स्पष्ट आहे, आणि १८४७च्या संहितेतही गुप्तता पाळणे हे वैद्याचे कर्तव्य आहे. ऐकणारा ते बाहेर नेणार नाही अशी खात्री असेल, तरच माणूस बोलतो. वॉर्डात मी अनेकदा पाहिले की नातेवाईक चहाला गेले की रुग्ण खरे सांगू लागतात. तुमच्या वडिलांनी ती गोष्ट डॉक्टरांपासून लपवली होती, की घरच्यांपासून?

कृष्णाकाठ, सांगली
तपासणीच्या वेळी मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो आणि अशा पुड्यांवरून घरात पूर्वी मीच त्यांना बोललो होतो. पुढच्या भेटीला मी बाहेर थांबेन.